वॉर्सातला भोंगा आणि आमचे अहो

युरोपला जाणारे लोक पॅरिस करतात, स्वित्झर्लंड करतात. आम्ही बोईसरहून थेट पोलंडमधलं वॉर्सा गाठलं, कारण तिथे नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीने, मनूने, तोमेक नावाचा तिथलाच मुलगा पसंत केला होता. तोमेकच्या घरचे सगळे राजी होते. फक्त त्याची आजी गप्प होती, आणि त्या घरात आजीच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. "तुम्ही येऊन भेटा ना, म्हणजे ती काहीतरी बोलेल," मनू फोनवर रडवेली होऊन म्हणाली. अहोंनी त्याच आठवड्यात व्हिसाची कागदपत्रं गोळा करायला घेतली.

अहो म्हणजे माझे यजमान. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत सेफ्टी सांभाळून निवृत्त झाले. भोंगा वाजला की रुमाल ओला करा, नाकाला लावा, वारा बघा आणि वाऱ्याला आडवे चाला, हे त्यांनी जन्मभर कामगारांना शिकवलं. घरात कुकरची शिट्टी झाली तरी ते आधी खिडकीबाहेर बघतात.

विमानतळापर्यंत बेटेगावच्या किसनची गाडी केली. चिल्हार फाट्यानंतर हायवेला ट्रकांची रांग लागते, त्यामुळे हाताशी भरपूर वेळ ठेवून निघा.

"काकी, तितं भात भेटतो का नाय?" किसनला काळजी.

"डाळ-तांदूळ घेतलेत रे."

"मंग काकांना जपा. ते इमानातबी दरवाजे मोजतील."

मोजले. हवाईसुंदरीला दोन शंकाही विचारल्या.

वॉर्सा मला फार आवडलं. रुंद रस्ते, भरपूर झाडं, आणि ट्रामने कुठेही जाता येतं. तिकीट काढलं की डब्यातल्या छोट्या यंत्रात ते पुन्हा छापून घ्यायचं, हे विसरू नका. हॉटेलात पाण्याचे पैसे पडतात, म्हणून बाटली भरून न्या. पिएरोगी नावाचा पदार्थ मिळतो, ती आपली उकडलेली करंजीच, फक्त आत बटाटा. मी सोबत नेलेली लसणाची चटणी त्यावर घातली आणि तोमेकने माझ्यापेक्षा जास्त खाल्ली. तेवढ्यावर मी निम्मी बाजी मारल्यासारखी खूश झाले.

आजीने भेटीसाठी जागा ठरवली होती युद्धस्मारकाची. त्या दिवशी एक ऑगस्ट होता. मोठमोठे खांब कोसळतायत आणि त्यांच्याखालून सैनिक बाहेर धावतायत, असे भलेथोरले धातूचे पुतळे. चौकात तुडुंब गर्दी, लाल-पांढरे झेंडे, गणवेशातल्या जवानांची रांग. मधोमध चाकांच्या खुर्चीत आजी, काळा कोट, गळ्यात मोत्यांची माळ. मी वाकून नमस्कार केला. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि मान पुतळ्यांकडे वळवली.

"पाच वाजता सगळे शांत उभे राहतात. तुम्हीही उभे राहा, बोलू नका," असं बजावून मनू आणि तोमेक पुतळ्यापाशी पणती ठेवायला गेले. आजीला आमच्यावर सोपवून गेले.

पाच वाजले आणि भोंगा वाजला.

साधासुधा नाही. सगळ्या शहराने एकदम गळा काढावा तसा. त्यात पलीकडे कुणीतरी कसल्याशा नळकांड्या पेटवल्या आणि लालभडक धुराचे लोट उठले.

"ब्रोमीन!" अहो ओरडले. "नाहीतर नायट्रिकच्या वाफा!"

"अहो, गप्प उभं राहायचंय!"

"लोक बघ ना, भीतीने थिजलेत!" खरंच कुणी हलत नव्हतं. अहोंनी बाटली रुमालावर उपडी केली, आजीच्या नाकाला तो बांधून टाकला, झेंड्यांवरून वारा पाहिला आणि खुर्ची वळवली. मग कंपनीतल्या हिंदीत गरजले, "भागना मत! हवा के आडे चलो!"

दगडासारख्या स्तब्ध गर्दीतून खुर्ची सुसाट निघाली. मागे मी, साडी सावरत. ही कुणीतरी मोठी वीरमाता असणार असं समजून लोक वाट करून देत होते. एका तरुण जवानाने तर आजीला कडक सलाम ठोकला! आमच्याकडे बघून एका परदेशी जोडप्यानेही आपले रुमाल भिजवून नाकाला लावले. त्यांना ती श्रद्धांजलीची पद्धत वाटली असावी.

कोपऱ्यावरच्या फुलांच्या दुकानाशी आम्ही थांबलो तेव्हा भोंगाही थांबला. मनू धावत आली. चेहरा पांढराफटक.

"बाबा, काय केलंत! हिटलरच्या फौजेविरुद्ध हे शहर याच वेळी उठलं होतं. त्यात गेलेल्यांसाठी दरवर्षी सगळे थांबतात!"

"मग भोंग्याचं सांगायचं ना आधी!" अहो म्हणाले खरे, पण मान खाली गेली होती. संपलं, मला वाटलं. पोरीचं लग्न आम्हीच मोडलं.

आजीचे खांदे हलत होते. रडतेय म्हणून तोमेक वाकला, तर ती हसत होती. रुमालाआडूनच ती बरंच काही बोलली. तोमेकने मनूला सांगितलं, मनूने आम्हाला.

"तेव्हा ती चार वर्षांची होती. तळघरात अडकली होती. म्हणते, दरवर्षी या भोंग्याला मला इथे उभं करतात. इथून बाहेर काढणारा हा पहिलाच."

अहो वाकून खुर्चीचं चाक तपासत राहिले. मला मात्र रडू फुटलं, भर चौकात.

लग्नाचं मात्र आजीने त्या दिवशी चकार शब्द काढला नाही, आम्ही निघेपर्यंतही नाही. बोईसरला आल्यावर शेजारीपाजारी विचारायचे, कसं होतं वॉर्सा, तर अहो म्हणायचे, "हवा चांगली आहे," आणि आत निघून जायचे. मी फोटो दाखवायचे, पिएरोगीचं सांगायचे, पण माझा जीव सगळा मोबाईलमध्ये. स्मारक, ट्राम, ते उशिरापर्यंत रेंगाळणारं ऊन, सगळं छान होतं. पण पोरीचं काय, या एका प्रश्नापुढे त्यातलं काहीच मनाला भिडत नव्हतं.

मग रविवारी मनूचा फोन आला. हसत होती की रडत होती, कळेना.

"आजी हो म्हणाली! लग्न बोईसरलाच करा म्हणते, ती येणार आहे. फक्त विमानतळावर बाबांनी स्वतः यायचं. दुसरं कुणी चालणार नाही."

मी स्पीकरवरचा फोन ठेवून वळले तर अहो घरात नव्हते. दार उघडं होतं. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात वळणावर ते उभे होते, दोन्ही हात पसरून रुंदी बघत.

"खुर्ची इथून वळेल," ते म्हणाले. "चार माणसं लागतील. पुढून मी धरतो."