दिवेलागणीला उघडलेलं दार

मंडळी, आज धाटावच्या एका कंपनीत नवीन खोली तपासायला गेले होते. बाहेर गॅस सुटला तर कामगारांनी जीव वाचवायला तिथे बसायचं, म्हणून खोलीतून हवा गळता कामा नये. पुढच्या दारात पंखा बसवून आत हवा भरली; गळती असेल तर दाब टिकत नाही. डिजिटल गेजवर दाब छान स्थिर झाला आणि एकदम धाडकन शून्यावर!

बघते तर सफाईच्या मावशींनी मागचं दार सताड उघडलेलं.

"दिवेलागण झाली गो. लक्ष्मी यायच्या वेळंला दार लावतात काय?"

मी खोली कशासाठी आहे ते सांगितलं.

"माझा पोरगा हितंच शिफ्टला हाय," मावशी म्हणाल्या. स्वतः दार लावलं आणि टेस्ट संपेपर्यंत त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. आकडा हलला नाही.

पेणला घरी पोचले, तर आमचं दार उघडंच. आई वाट बघत होती.

तुमच्याकडे कुणासाठी उघडं असतं?