गव्हाची कणीक

पखवाजाच्या डाव्या तोंडाला गव्हाची ओली कणीक लावली की तो भरून बोलतो. कणीक नसली तर नुसता डबा. हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून माहीत, तरी उदगीरला मी माती खाल्लीच.

लातूरच्या एका संगीत नाटक मंडळीत मी नुकता लागलो होतो. गावोगाव प्रयोग, बसमध्येच झोप, पुढ्यात पखवाज. मला दुसरं काही नकोच होतं. पण माय भोकरहून उदगीरला येऊन थडकली, तीही फोन न करता. ‘येवढा खेळ बघते अन् सकाळी तुला घिऊन जाते,’ असं तिनं आल्या आल्या बजावलं. नांदेडला मामाच्या दुकानात माझी जागा तिनं नक्की करून ठेवली होती. वडील गावच्या भजनात जन्मभर पखवाज वाजवत राहिले आणि घर तिनं ओढलं. तिला तोंडावर नाही म्हणायची माझी टाप नव्हती.

या गडबडीत कणीक मळायची राहिली. शेजारच्या खानावळीत धावत जाऊन मूठभर पीठ मागितलं. आमच्या भागात पीठ म्हटलं की ज्वारीचंच, आणि तेच मिळालं. हाताला लगेच कळलं, पण तिसरी घंटा व्हायला आली होती. गरम पाण्यात मळून थापलं आणि देवाचं नाव घेतलं.

नांदी कशीबशी निभावली. पहिल्या पदात मात्र ज्वारीला भेग पडली आणि अख्खा गोळा माझ्या मांडीवर आला. डावं तोंड मुकं झालं. मंडळीच्या मालकीणबाई स्वतः गात होत्या. त्यांनी विंगेत माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चेहरा न बदलता आलाप सुरू केला, लांबवत लांबवत नेला.

तेवढ्यात पडदा सारून माय विंगेत शिरली. पखवाज फसल्याचं तिनं खुर्चीत बसून ओळखलं होतं. पिशवीतल्या डब्यातून तिनं ओल्या फडक्यात गुंडाळलेली गव्हाची कणीक काढली आणि वडिलांच्या पखवाजाला लावून द्यायची, तशी स्वतःच्या हातानं दाबून बसवली.

‘वाजीव,’ ती म्हणाली.

मी वाजवलं. बाई समेवर आल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, काय आलाप घेतला! आजही कुठल्या गावात तिसरी घंटा झाली की मी मनातल्या मनात या दोघींच्या पाया पडतो.

सकाळी स्टँडवर नांदेडची गाडी लागली होती. मी मुकाट्यानं बॅग घेऊन मायच्या मागं उभा होतो. शेवटी न राहवून विचारलं, ‘मला न्यायला आलतीस ना? मग घरून कणीक कशाला मळून आणलीस?’

‘न्यायलाच आलते. पर तू वाजवणार हायस म्हणल्यावर हात आपोआप मळाया लागले. काय करू?’

ती गाडीत चढली. मागोमाग मीही पायरीवर पाय ठेवला, तर तिनं दारातच मला अडवलं.

‘मामाला मी सांगते,’ ती म्हणाली. ‘जा, तुझी मंडळी थांबली आसंल.’