बोलावण्याआधी धुतलेले पाय

साएरा मावशीनं शाळेत निरोप धाडला, की शुक्रवारी दुपारी आमच्याकडे वाचायला या, बाजारात जिच्याबद्दल सगळे बोलतात ती कादंबरी आम्हालाही ऐकायचीय. निरोप कम्सियासाठी होता, ती तिथं शिकवायची. कादंबरी तिचीच होती. फुलाचं टोपणनाव घेऊन तिनं ती छापून आणली होती. पायाकुंबू शहराकडच्या त्या मुलखात बाईमाणूस कादंबरी लिहील, हे तोवर कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. टोपणनाव कशाला, असं छापखान्यानं विचारलं तेव्हा तिनं मामांचं नाव पुढं केलं. घरातल्या बायकांबाबत शेवटचा शब्द आईच्या भावाचा, मामांचा, त्यांना खपणार नाही म्हणाली. साफ खोटं. मामा बिचारे पुस्तक बगलेत मारून गावभर मिरवले असते. तिला लपायचं होतं ते बानुनपासून.

बानुन तिची लहानपणापासूनची मैत्रीण. नवरा दुसरीकडे घुटमळायला लागला तसं बानुननं त्याला 'पुन्हा येऊ नकोस' म्हणून खांबांवरच्या घराच्या शिडीवरूनच परत पाठवलं, असं गाव मानायचं, आणि त्या एका गोष्टीवर बानुन गावात ताठ मानेनं वावरत होती. खरं काय ते एकट्या कम्सियाला ठाऊक होतं. नवराच यायचा थांबला होता. तिकडं नवरा संध्याकाळी बायकोच्या घरी येतो; नाही आला तर नाही, बाईनं त्याला आणायला जायचं नसतं. बानुन गेली. भर दुपारी, बांबूच्या नळीत शिजवलेला भात घेऊन, त्याच्या आईच्या दारात. शिडीपाशी रांजण होता; वरून 'ये' म्हटलं की पाहुण्यानं तिथं पाय धुऊन चढायचं. तिनं सवयीनं पाय धुतले, आणि वरून कुणी 'ये' म्हणालंच नाही. तशीच परत आली आणि कम्सियाच्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

आणि ह्या शिकल्यासवरल्या कम्सियानं काय करावं? ते सगळं उचलून कादंबरीत घातलं. नाव बदललं, गाव बदललं, धुतलेले पाय मात्र तसेच ठेवले. का, तर ते वाचायला छान लागत होतं. लिहिताना लाज वाटली नाही, ती आता चढत्या तापासारखी अंगात भरत होती.

शुक्रवारी साएरा मावशीकडं सात-आठ बायका केवड्याच्या पातीच्या चटया विणत बसल्या होत्या. खांबाला टेकून बानुनही होती. कम्सिया वाचू लागली.

"बाई, आवाज का बसलाय तुमचा?" साएरा मावशीनं विचारलं.

"खोकला झालाय."

"मग आलं चघळा, पण थांबू नका. ती मेली जाते का त्याच्याकडं, तेवढं सांगा."

ते पान आलं. कम्सियानं 'ती शिडीपाशी पोचली' इथून थेट 'ती परत फिरली' इथं उडी मारली आणि भराभर पुढं निघाली.

"दोन ओळी गाळल्यास," बानुन म्हणाली.

कम्सिया वाचायची थांबली. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या मागच्या ओसरीत तिनंच बानुनला अक्षरं शिकवली होती. चार महिन्यांत बानुन यायची थांबली, तेव्हा कम्सिया धरून चालली की ती विसरली असेल. बानुननं चटई बाजूला सारली, पुस्तक घेतलं आणि शिकवलं होतं तसं ओळीखाली बोट ठेवून वाचलं, "कुणी बोलावण्याआधीच तिनं पाय धुतले. पाणी गार होतं. वरून कुणी काही बोललं नाही."

"अगंबाई, तुला वाचता येतं?" कुणीतरी म्हणालं.

"बाईंनी शिकवलं."

"पण काय निलाजरी बाई म्हणायची ही," साएरा मावशी म्हणाली. "कुणी बोलावलं नाही नि पाय धुऊन उभी. आमच्या बानुनकडनं शिकावं म्हणावं तिनं."

"हो ना," बानुन म्हणाली, आणि पात उचलून विणायला लागली. कम्सियानं उरलेलं प्रकरण वाचून काढलं. काय वाचलं ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर, उन्हातच, ती बानुनकडं गेली. रात्रभर मनाशी शब्द जुळवले होते. तीस वर्षं ती त्या घरी येत होती, वर यायला कधी परवानगी लागली नव्हती. हात आपसूक रांजणाकडं गेला, तिनं करवंटीनं पाणी घेतलं आणि दोन्ही पाय धुतले. मग वर पाहिलं. खिडकीत बानुन बसली होती. शेजारची म्हातारी कुंपणापलीकडून बघत होती. कम्सिया वाट बघत उभी राहिली.

"पाणी उन्हानं तापलेलं आहे ना?" बानुन वरून म्हणाली. "त्या दिवशीही तापलेलंच होतं. तू गार लिहिलंयस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं गं मी."

एवढंच बोलून ती आत वळली. वर ये म्हणाली नाही.