मोठी टाकी

उटण्याचा वास आला की नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या घरातली ती दुपार आठवते. घर आणि पाणी तापवायला गॅसऐवजी विजेवर चालणारा हीट पंप बसवायचं ठरलं होतं आणि घरात तिघंच म्हणून डच तंत्रज्ञ गरम पाण्याची लहान टाकी सुचवत होता. पुण्याहून आलेली आई मला म्हणाली, "दिवाळीत तुझे मित्र मुक्कामाला येतात. पहाटे शेवटच्या माणसाने काय गार पाण्याने अभ्यंगस्नान करायचं?" मोठी टाकी फक्त वरच्या छोट्या खोलीत मावत होती, आई झोपायची तिथेच. मी तसं सांगितलं. "मग मी हॉलमध्ये झोपेन," ती म्हणाली. आता दिवाळीत शेवटच्यालाही कढत पाणी मिळतं, आईची गादी सोफ्याशेजारी पडते आणि वरच्या खोलीत टाकी ऐसपैस उभी असते.