उपासमारीचा साक्षीदार

इस्पितळाच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करणाऱ्या त्या बाईला सगळे तोंडावर 'ताई' म्हणायचे आणि पाठीमागे 'पिंप'. तिला ते ठाऊक होतं. ती हसण्यावारी न्यायची. पण बावीस वर्षं वाफेत उभं राहून गुडघे पार कामातून गेले होते. म्हणून मुकादमाची जागा निघाली तसा तिनं अर्ज टाकला. मुकादमाला खुर्ची असते. ती मिळाली तर ताईची नोकरी टिकणार, नाही तर गुडघे तिला वर्षभरात घरी बसवणार, इतका साधा मामला होता.

अर्जासाठी तपासणी झाली. काट्यावरचा आकडा पाहून ती ओशाळली, तशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लहानपणी उपाशी दिवस काढलेत का?"

काढलेत म्हणजे काय, विचारू नका! बाप नव्हता, आई लोकांची भांडी घासायची. मिळालं तर मिळालं, नाही तर पाणी पिऊन झोपा. मिळालं की ही आधी धाकट्या भावाला भरवायची आणि उरलेलं भराभर गिळायची. उद्याचा भरवसा कुणी द्यावा? आजही ती उभ्या उभ्याच जेवते, आणि पातेलं रिकामं झाल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

"अशा पुष्कळ जणांचं वजन पुढे वाढतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "स्वतःला हावरट म्हणू नका." एवढ्या वर्षांत हे तिला कुणी म्हटलंच नव्हतं. बाहेरच्या बाकावर बसून ती पोटभर रडली.

मुलाखतीला साहेब होते आणि शेजारी कागद घेऊन हेडक्लार्क, म्हणजे तिचा तोच धाकटा. तिनं जादा पाळ्या करून शिकवलेला, सडसडीत, कडक इस्त्रीचा.

साहेब म्हणाले, "बाई, जिचा स्वतःच्या जिभेवर ताबा नाही, ती दहा बायका काय सांभाळणार?"

ताईनं आडपडदा ठेवला नाही. "साहेब, आम्ही उपाशी वाढलोय. त्यानंच हे अंग असं सुटलंय. विचारा की याला, हा होता ना बरोबर!"

भावानं चष्मा काढून पुसला. "छे हो साहेब, ताईचं आपलं काहीतरीच! आमच्याकडे खाण्यापिण्याची कधी ददात नव्हती. हिलाच पहिल्यापासून खायची भारी हौस." आणि मेला हसला वर!

साहेबही हसले. जागा दुसरीला गेली. ताईच्या पायाखालची जमीनच सरकली. आई गेल्यावर ती भूक पाहिलेलं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि तेच उलटलं.

जिन्यात तो मागून धावत आला. "ताई, रागावू नकोस गं. इथं सगळ्यांना वाटतं, आपले वडील मास्तर होते. माझ्या अब्रूचा प्रश्न होता."

"आणि आई? आई काय करायची म्हणून सांगितलंस?"

"ती... घरीच असायची, असं."

आईच्या हातांच्या भेगांतून रक्त यायचं. त्याच हातांनी ती याला थोपटायची.

"रविवारी येतो जेवायला," तो म्हणाला, "मग निवांत बोलू."

"येऊ नकोस," ताई म्हणाली. "उपाशी आईची ज्याला लाज वाटते, त्याला माझ्या हातचा घास मिळायचा नाही."