दाजींच्या तोंडून

आमच्या दाजींइतका कडधान्यांवर जीव टाकणारा माणूस मुखेडपासून देवणीपर्यंत सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका हेवा मला दुसऱ्या कुणाचा वाटत नाही. दाजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. इतरांच्या मोटारसायकलच्या डिक्कीत कागदपत्रं असतात, दाजींच्या डिक्कीत खुरपं असतं. कुणाचाही हरभरा दिसला की गाडी थांबते, एक झाड उपटलं जातं आणि मुळावरची गाठ नखानं फोडली जाते. आतून लाल निघाली, तर गाठीतले जिवाणू हवेतलं नत्र पिकाला देत आहेत म्हणून दाजी खूश. मालक ओरडत आला तर त्याच्याकडूनच चहा पिऊन निघतात. नायगावला चुलतभावासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा दाजी मधेच गायब झाले. परतले ते मातीनं भरलेलं झाड घेऊन, आणि ते त्यांनी पोह्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. "पोरगी लई चांगली हाय," ते मुलीच्या वडिलांना म्हणाले, "पण मामा, तुमच्या हरभऱ्याला गाठीच न्हाईत!" सोयरीक तरीही जमली.

आता हेवा कशाचा, तेही सांगतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लातूरला शेतीचं शिकतो. दिवाळीआधी मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, भीत भीत म्हणालो की आपल्या कोरडवाहू रानात यंदा हरभऱ्याच्या बियाण्याला जिवाणू लावू, पेरताना स्फुरद आणि गंधक देऊ. अण्णा म्हणाले, "हरभऱ्याला कोण खत घालतंय? त्यो दवावर येतो." विषय संपला. मी फोनवर हे दाजींना सांगितलं. चार दिवसांनी दाजी घरी आले आणि जेवताना माझीच वाक्यं, माझ्याच क्रमानं, मोठ्या आवाजात बोलले. आमच्याकडे जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. "पाव्हणं म्हणतात तर करू की," अण्णा म्हणाले. मी भाकरी चावत राहिलो.

गुळाच्या पाण्यातून जिवाणू चोळलेलं बियाणं सावलीतच सुकवावं लागतं. दाजींनी ते जावयासाठी घातलेल्या पलंगावर पसरलं, स्वतः खाली बसले, आणि खिडकीतून उन्हाची तिरीप आली तशी छत्री उघडून धरली. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मला तेव्हाही वाटलं, ही छत्री मी धरायला हवी होती.

हरभरा असा आला की अण्णा स्वतः झाडं उपटून येणाऱ्याजाणाऱ्याला लाल गाठी दाखवू लागले. "आमच्या जावयाचं डोकं!" एकदा बांधावर मी दाजींना धरलंच.

"दाजी, एकदा तरी माझं नाव घ्यायचं होतं."

त्यांनी खुरप्याची माती पुसली. "घेतलं असतं रे. पण पहिलंच साल. पीक गेलं असतं तर जावयाला कोण बोलतंय? तुला म्हणले असते, हेच शिकून राहिलास का, बस कर कॉलेज."

मी वाकून एक झाड उपटलं, मुळावरची गाठ नखानं फोडली. तोवर दाजी शेजारच्या रानात शिरले होते.

अजूनही चहाला कुणी आलं की अण्णा "आमचे जावई" म्हणून सुरू होतात. मी कप भरत असतो. आत थोडं जळतंच. तरी मान डोलावून म्हणतो, "हाव, दाजींमुळंच."