पुकारेवाल्याचं तोंड आलं

कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून लोकांची नावं तीनतीनदा पुकारायची, एवढंच त्याचं काम. पण ते तो अशा थाटात करायचा, की आत खुर्चीवर बसलेले साहेब न्याय देतात हा लोकांचा गैरसमज वाटावा. सगळे त्याला पुकारेवालाच म्हणत. त्यानं नाव पुकारलं की ज्याचं नाव तो तर उठायचाच, शेजारचे दोघंही दचकून उभे राहायचे. मध्यंतरी व्हरांड्यात स्पीकर बसवले होते. ते लवकरच बंद पडले. त्यात आपला काही हात नाही हे त्यानं इतक्या जणांना आपणहून सांगितलं, की ज्यांना शंका नव्हती त्यांनाही ती यायला लागली.

घरी आल्यावर तरी माणसाचा घसा दुखावा, पण नाही. घरीही तोंडाचा पट्टा चालूच. त्याची बायको एका चष्म्याच्या दुकानात फ्रेमला काचा बसवायची. संध्याकाळी दोघं साधारण एकाच वेळी घरी यायची. ती चप्पल काढता काढता म्हणायची, "आज दुकानात ना..." आणि तो म्हणायचा, "ते सोड, आधी माझं ऐक." मग कोणता साक्षीदार कसा फिरला, वकिलाची कशी फजिती झाली, हे सगळं साभिनय चालायचं. ती भाजी चिरत ऐकायची. तिचं दुकान त्या घरात कधी पोचलंच नाही.

आणि रोगानंही जागा अचूक हेरली. जिभेच्या कडेला गाठ निघाली. ती छोट्या ऑपरेशननं काढली आणि मग रेडिएशन सुरू झालं. पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही दिवसांनी तोंड येईल, तयारी ठेवा."

"येईल म्हणजे?" तो म्हणाला. "ते गेलंय कुठे?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी आपलं लिहिणं पुरं केलं. हा विनोद त्यानं घरी, दारी आणि रेडिएशनच्या रांगेत सगळ्यांना सांगितला, आणि मग एके दिवशी खरोखरच तोंड आलं. गाल आतून सोलले गेले. जिभेवर पांढरे चट्टे पडले. पाण्याचा घोट घ्यायच्या आधी तो खुर्चीचा हात धरायचा. बायको सूप गाळून, गार करून, पुन्हा गाळून द्यायची. ते समोर तसंच राहायचं. वजन उतरायला लागलं.

बाईंनी मग स्पष्टच सांगितलं. "खाणं थांबलं तर रेडिएशन मध्येच थांबवावं लागेल. आणि मध्ये खंड पडलेला गाठीला फार आवडतो."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आधीच तिथं फारसं नव्हतं.

दवाखान्यात तेव्हा एका नव्या जेलची चाचणी चालू होती. त्यात डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक कण होते. नॅनो कण. प्रत्येक कणाच्या पोटात औषध. कण जखमेला चिकटून बसतात आणि औषध सावकाश सोडतात, असं बाईंनी समजावलं. त्याला ते लगेच पटलं. कोर्टाचा बेलीफ दारावर नोटीस चिकटवून येतो, तसंच हे, असं त्यानं बायकोलाही सांगितलं. अट एकच. जेल तोंडात धरायचं आणि अर्धा तास तोंड उघडायचं नाही. बोललात की गेलं.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "निम्म्या लोकांना कणवालं जेल मिळेल, निम्म्यांना साधं. कोणाला कोणतं, हे आत्ता मलाही कळणार नाही."

आपल्याला कणवालंच मिळालंय हे त्यानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. रांगेतल्या लोकांना तो खाणाखुणांनी नॅनो म्हणजे काय ते समजावू लागला.

पण अर्धा तास गप्प बसणं म्हणजे त्याच्यासाठी शिक्षाच. पहिल्या दिवशी शेजारी कोणाला तरी चुकीचा रस्ता सांगत होता, तो खिडकीतून यानं दुरुस्त केला. जेल सगळं सदऱ्यावर. दुसऱ्या दिवशी बातम्या देणाऱ्याचा एक उच्चार चुकला. बायकोनं पुन्हा सदरा भिजत टाकला. तिसऱ्या दिवशी तर काही कारणच घडलं नाही, घरातल्या शांततेवरच त्याला काहीतरी बोलावंसं वाटलं.

"ही पण नोटीस उडाली," ती म्हणाली.

आठवड्यानं वजनकाटा आणखी खाली आला. वजन असंच उतरलं तर पुढच्या आठवड्यात रेडिएशन थांबवावं लागेल, असं बाई बोलल्या. घरी आल्यावर बायकोनं त्याच्या तोंडात जेल भरलं, दार लावलं, रेडिओ बंद केला आणि समोर खुर्ची ओढून बसली.

"आता तुम्ही ऐका," ती म्हणाली. "मी बोलते."

आणि ती बोलायला लागली. दुसऱ्याचाच चष्मा लावून डोळे बिघडल्याची तक्रार घेऊन आलेले आजोबा. चष्मा लावल्यावर आरशात बघून रडलेली नवरी. दुकानाचा मालक कसा शिंकतो. पुकारेवाला थक्क झाला. बायको नक्कल करत होती, आणि ती त्याच्यापेक्षा बरी करत होती. त्याला हसू आवरेना, पण ओठ मिटलेले ठेवायचे म्हणून ते डोळ्यांतून आलं. रोज अर्धा तास. जेल टिकायला लागलं. तो सूप संपवायला लागला. वजनकाटा जागेवर थांबला.

मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही. मालकांनी एकदा मला दुसऱ्या गावातलं दुकान चालवायला देऊ केलं होतं. आख्खं दुकान. हाताखाली माणसं. तुमची बदली तिकडे सहज झाली असती, मी चौकशी पण केली होती. घरी येऊन सांगणार होते. तुम्ही म्हणालात, ते सोड, आधी माझं ऐक. तो भावाभावांचा खटला होता ना, घराच्या भिंतीवरनं, तो सांगत होतात. तुमचं होईपर्यंत मी थांबले. तुमचं सांगून झालं आणि तुम्ही झोपलात. मालकांना सकाळी उत्तर हवं होतं. मी नाही म्हणून कळवलं, आणि..."

घड्याळ वाजलं. अर्धा तास झाला होता. "थुंका आता," ती म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

आयुष्यात पहिल्यांदाच तोंड उघडायची परवानगी होती आणि त्याला शब्द सुचत नव्हता. भिंतीचा तो खटला त्याला आठवत होता, अगदी दोन्ही भावांच्या नावांसकट. बायको त्या संध्याकाळी काय म्हणाली होती, तेवढंच आठवत नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. तिनं मात्र तो विषय पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आजोबा आणि शिंका.

रेडिएशन खंड न पडता पुरं झालं. तोंड भरून आलं. चाचणी संपल्यावर बाईंनी त्याला बोलावलं.

"तुमचं जेल साधं होतं," त्या म्हणाल्या. "त्यात कण नव्हते."

"मग मी बरा कसा झालो?"

"रेडिएशन संपल्यावर तोंड भरून येतंच. तुम्हाला त्रास मधूनच कमी झाला. का, ते मला सांगता येणार नाही."

रांगेतल्या सगळ्यांना नॅनो शिकवलेला माणूस असा तोंडघशी पडला. पण रस्त्यानं येताना त्याला वेगळीच काळजी लागली होती. औषध संपलं. म्हणजे अर्धा तासही संपला.

"काय म्हणाल्या?" बायकोनं विचारलं.

ज्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, तो माणूस म्हणाला, "कण चांगले लागू पडले म्हणाल्या. पण जेल आणखी काही महिने घ्यायचंय. रोज अर्धा तास."

"हो का?" ती म्हणाली. "दवाखान्यातून दुपारी फोन आला होता. चाचणी संपली, उरलेल्या ट्यूब परत आणून द्या म्हणाले. साधंच जेल होतं तुमचं, तेही सांगितलं त्यांनी."

त्यानं फडताळातून उरलेल्या ट्यूब काढून आणल्या. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं ट्यूब त्याच्या हातातून घेऊन पिशवीत टाकल्या, आत जाऊन पेलाभर साधं पाणी आणलं आणि समोर खुर्ची ओढली.

"कुठं आले होते मी?"

"‘नाही म्हणून कळवलं, आणि’," तो म्हणाला. "तिथं थांबली होतीस."

तिनं पेला पुढे केला. त्यानं घोट भरला, ओठ मिटले आणि ऐकायला बसला.